आत्याची सर्दी

समस्त वाचकवर्गास अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या घराण्यात एक नाक आहे. ते कोणा एकाच्या मालकीचे नसून वडिलोपार्जित आहे. त्यात सर्व भावाबहिणींचा समान हिस्सा आहे आणि गेल्या कित्येक पिढ्यांत ते कोणालाही चुकलेले नाही. सबब पुढील मजकूर वाचताना कोणीही हसू नये. हसू आवरत नसल्यास तोंडाला रुमाल लावावा. रुमालाचा विषय पुढे येणारच आहे.

झालं निवेदन. आता माझ्या नेहमीच्या आवाजात बोलते.

हे नाक आमच्या पूर्वजांनी तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसवून इकडे, कन्नड मुलखात आणलं. पुढे घोडे गेले, वतनं गेली, मराठीत निम्मी कन्नड शिरली, नाक मात्र जसंच्या तसं राहिलं. मधोमध एक उंचवटा आणि तिथून खाली स्वल्प डावीकडे वळण. वडिलांचं तसंच, काकांचं तसंच, माझंही तसंच. मला तर ते फार आवडतं. शाळेच्या नाटकात राजाचं काम कायम मला मिळायचं ते ह्याच नाकाच्या जोरावर. बाकीच्या मुलींच्या मिशा पहिल्या अंकात गळून पडायच्या, माझ्या शेवटपर्यंत टिकायच्या. वर भक्कम छप्पर होतं ना!

हेच नाक माझ्या आत्यालाही मिळालं होतं. तिने मात्र जन्मभर ते लपवलं.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्न झालं नव्हतं, आमच्याच घरी के. आर. पुरमला राहायची आणि पुढच्या खोलीत बायकांचे ब्लाउज शिवायची. विशीत असताना तिला बघायला एक मंडळी आली होती. मुलाच्या मावशीने सांगितलं, "जरा उजेडाकडे तोंड कर, बाळ." मग म्हणाली, "आता तिकडे वळ." आत्या वळली. मंडळींनी उप्पीट खाल्लं, केसरीभात खाल्ला, "कळवतो" म्हणाली आणि गेली. कळवलं काही नाही. नाकाबद्दल कोणी एक अक्षर काढलं नव्हतं.

"काढलं नाही, त्यातच आलं सगळं," असं आत्या म्हणायची.

दुसऱ्या दिवसापासून तिने नाकाला रुमाल लावला. कारण विचारलं की उत्तर एकच, सर्दी. ही सर्दी वीस वर्षांहून जास्त चालली. समोरच्या कन्नड काकू दर आठवड्याला कुंपणावरून विचारायच्या, "अक्का, इन्नू नेगडी?" म्हणजे सर्दी अजून आहेच का? आणि मिऱ्याच्या साराचं भांडं पुढे करायच्या. आत्या ते सार निमूटपणे प्यायची, अर्थात आत जाऊन, भिंतीकडे तोंड करून. तिच्या कामाच्या खोलीतला आरसा नेहमी चादरीखाली असायचा. गिऱ्हाईक आलं की ती चादर काढायची आणि स्वतः त्या बाईच्या पाठीमागे अशी उभी राहायची की आरशात फक्त तिचे हात आणि टेप दिसावी. मतदाराच्या ओळखपत्रासाठी फोटो काढणं आलं, तेव्हा तिने मतदानाचा हक्कच सोडून दिला. आणि आमच्या घरात "नाकी नऊ आले", "नाक खुपसू नकोस", "नाक मुरडू नकोस" असं काहीही बोलायला सक्त मनाई होती. एकदा वडील चुकून म्हणाले, "नाकासमोर चालणारा माणूस आहे तो." आईने त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचा अर्धा तास ते स्वतःच नाकासमोर बघत बसले.

मी हे सगळं हसत सांगतेय, पण आत्याला ह्यातलं काहीच हसण्यासारखं नव्हतं. आणि तिचं गाणं हे तर सगळ्यात वाईट. आवाज असा की रस्त्यातला मनुष्य सायकल थांबवून उभा राहील. पण रुमाल धरून गाता येत नाही. त्यामुळे आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू असलं की बायका बाहेरच्या खोलीत गौरीसमोर बसायच्या आणि गाणं स्वयंपाकघरातून यायचं, पडद्यापलीकडून. सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की गाणं संपलं की बायका पडद्याकडे बघून माना डोलवायच्या.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मला शहराच्या दुसऱ्या भागात, कोरमंगलात नोकरी लागली. एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती आणि खालच्या मजल्यावर मालकांची म्हैस. माझ्या शेजारच्या टेबलावर पुण्याहून आलेली एक मुलगी बसायची. तिच्या गालांवर पुटकुळ्यांचे डाग होते आणि त्यापायी तिने एके काळी कॉलेजला जाणं सोडलं होतं. तिने मला सांगितलं की मुंबईच्या एक मानसोपचार करणाऱ्या बाई आहेत, त्यांनी इंटरनेटवर एक पान उघडलंय. आपल्या दिसण्यावरून ज्यांचा जीव कासावीस होतो, अशा लोकांशी त्या ईमेलवर बोलतात, शनिवारी दुपारी वेळ ठरवून चॅटही करतात.

"म्हणजे डॉक्टर पेशंटला बघतच नाही?" मी विचारलं.

"अगं, तीच तर मजा आहे," ती म्हणाली. "ज्यांना तोंड दाखवायचं नसतं, ते दवाखान्यात कसे जाणार?"

मी घरी जाऊन आत्याला हे जमेल तेवढ्या नाट्यमय पद्धतीने सांगितलं. तिने रुमालाआडून विचारलं, "फोटो पाठवायला लागतो का?" मी म्हटलं, नाही. ती बराच वेळ शिवण मशीनचं चाक नुसतंच फिरवत बसली. मग म्हणाली, "सरी, बरं. एकदा जाऊ. पण इथे नको, कोरमंगलात. तिथे कोणी ओळखत नाही."

अशी आमची शनिवारची यात्रा सुरू झाली. तेव्हा मारतहळ्ळीच्या आसपास नारळाची झाडं आणि मोकळी रानं होती. आत्या बसच्या खिडकीशी बसायची, रुमाल लावून, आणि वाटेतला प्रत्येक नारळ मोजल्यासारखा बघायची. कोरमंगलातल्या सायबर कॅफेत प्लायवूडचे खण केलेले होते, एका खणात एक संगणक आणि दीड माणसाची जागा. आम्ही दोघी आत घुसलो की माझा कोपर तिच्या बरगडीत.

पहिल्या दिवशी तिने पडद्याकडे संशयाने बघितलं.

"ती मला बघते का ग आत्ता?"

"नाही, आत्या."

"काच तर आहे."

"काच आहे, पण पलीकडून दिसत नाही."

"आणि मी तिला?"

"तूही नाही."

"सरी. मग समसमान झालं," ती म्हणाली आणि तिने रुमाल मांडीवर ठेवला.

इतक्या वर्षांत बोलणारी आत्या मी प्रथमच पूर्ण बघितली. आणि काय सांगू, ते आमचंच नाक होतं. उंचवटा, वळण, सगळं रीतसर. माझ्या नाकापेक्षा बारीकच होतं थोडं.

आत्याला टायपिंग येत नव्हतं, म्हणून ती बोलायची आणि मी मराठी रोमन अक्षरांत ठोकायची. मुंबईच्या बाईंचा पहिला प्रश्न मला अजून आठवतो. त्यांनी लिहिलं, नाक कसं आहे ते नंतर सांगा. नाकामुळे काय काय करायचं राहून गेलं, ते आधी सांगा.

आत्याने मांडीवरचा रुमाल घडी करून ठेवला. मग म्हणाली, "लिही. भावाच्या लग्नाच्या फोटोत मी नाही. लिही, पहिल्या पंगतीला कधी बसले नाही, रुमाल लावून जेवणार कशी? लिही, गाणं बाहेर बसून कधी म्हटलं नाही." मी लिहीत होते. मग ती हळूच म्हणाली, "मल्लिगेचा गजरा कोणी दिला तर सगळ्यांसमोर नाकाशी नेऊन वास घेतला नाही कधी. हेही लिहिशील?"

मी लिहिलं. मल्लिगे म्हणजे मोगरा, हे मुंबईच्या बाईंना समजावून सांगावं लागलं.

मग गृहपाठ सुरू झाले. पहिला असा की आरशावरची चादर काढायची आणि पोस्टमनला घराचा पत्ता सांगावा तसा आपला चेहरा सांगायचा, चांगला-वाईट हे शब्द न वापरता. आत्याने तो मोठ्याने केला. मी दाराआड उभी होते. "वर कपाळ. खाली दोन डोळे. त्यांच्या मध्ये नाक, जरासं डावीकडे. खाली तोंड." मग स्वतःशीच म्हणाली, "अय्यो, एवढंच? हे तर सगळ्यांनाच असतं!"

दुसरा गृहपाठ बाजाराचा होता. रुमाल न लावता कोथिंबीर आणायची आणि भाजीवाला काय करतो ते बघायचं. ती गेली आणि जवळजवळ पळतच परत आली.

"वहिनी!" ती माझ्या आईला म्हणाली. "माझ्याकडे बघितलंच नाही त्याने! आधी तराजूकडे बघत होता, मग पैशांकडे. नंतर बसमध्ये चढले मुद्दाम. कंडक्टरनेसुद्धा नाही बघितलं!"

"मी काय सांगत होते, वन्सं, इतकी वर्षं?" आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. आईचा आत्यावर फार जीव होता. ती ह्या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा आत्यानेच तिला सांभाळून घेतलं होतं.

त्या काळात घरात जो आनंद होता, तो मी दिवाळीतही बघितलेला नाही. रोज संध्याकाळी आत्या कुठेतरी जाऊन यायची आणि कोणी कोणी आपल्याकडे बघितलं नाही, ते आईला रंगवून सांगायची. पोस्टातला कारकून, दळणवाला, देवळातले पुजारी. आई प्रत्येक नावाला टाळी द्यायची. समोरच्या काकूंनी साराचं भांडं आणलं तर आत्या म्हणाली, "आज नको, आज बरंय स्वल्प," आणि काकू देवाला नमस्कार करत परत गेल्या.

मुंबईच्या बाईंनाही बरं वाटलं. पण त्यांनी एक वाक्य जोडलं होतं. कोणी बघत नाही, हे पहिलं पाऊल झालं. कोणी बघितलं तरी चालतं, हे पुढचं. म्हणून आता ओळखीच्या, प्रेमाच्या माणसांमध्ये जाऊन बसा. आत्याला लगेच चैत्रगौर आठवली. ठरलं. ह्या वर्षीचं गाणं बाहेरच्या खोलीत, गौरीशेजारी बसून, रुमालाशिवाय.

घरी येऊन आत्याने आईला ही दोन्ही पावलं सांगितली. आईने त्यातलं पहिलं तेवढं उचललं.

इथे आमच्या घराची रीत सांगायला हवी. आमच्याकडे एकाची परीक्षा असली की अख्खं घर परीक्षेला बसतं. माझ्या दहावीच्या वेळी आईने उपास केले होते, वडील शाळेभोवती घिरट्या घालत होते आणि आत्याने माझ्या गणिताच्या मास्तरीणबाईंचे ब्लाउज फुकट शिवून दिले होते. मग आत्याची एवढी मोठी परीक्षा, आणि आई स्वस्थ बसेल? तिच्या हिशेबाने कोणी बघितलं नाही की आत्या पास. म्हणून तिने मी ऑफिसात असताना फोन फिरवला आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या एकूण एक बाईला बजावलं, "वन्सं ह्या वर्षी बाहेर बसणार आहेत. त्यांच्या तोंडाकडे कोणी बघायचं नाही हं. अजिबात. माझ्या गळ्याची शपथ." समोरच्या काकूंना तर तिने हे मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, कुंपणाशी जाऊन सांगितलं. मला सांगितलं नाही, कारण मी नाटकी, मी कुठेतरी बोलून टाकेन.

त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले. वाटेत मल्लिगेचा एक घसघशीत गजरा घेतला. आत्याच्या हातात तो सगळ्यांसमोर द्यायचा आणि वास घ्यायला लावायचा, असा माझा प्रवेश मी बसमध्येच बसवून ठेवला होता. बस मध्येच बंद पडली आणि मला उशीर झाला.

दारात पोचले तेव्हा आतून आवाज नव्हता. मला वाटलं, गाणं सुरू होणार असेल. दारावरचा पडदा सारला तर खोली बायकांनी भरलेली, आणि सगळ्यांच्या माना खाली. एक आपल्या साडीच्या काठातला मोर पहिल्यांदाच भेटल्यासारखा बघत होती. दुसरी आंबेडाळीत केस शोधत असावी. समोरच्या काकूंनी तर डोळेच मिटून घेतले होते. एवढा पोशाख, एवढे दागिने, मध्ये सजवलेली गौर, पन्ह्याचे पेले, आणि खोलीत एखाद्याच्या दहाव्याला बसल्यासारखी शांतता. आत्या गौरीशेजारी पाटावर बसली होती. ठेवणीतली हिरवी साडी, दोन्ही हात मांडीवर, हातात रुमाल नाही. मला ती एका बाजूने दिसत होती.

मी पुढे व्हायला गेले तर दाराशी बसलेल्या बाईने माझा पदर ओढला.

"बघू नकोस हं तिच्याकडे," ती जमिनीकडे बघत पुटपुटली. "तुझ्या आईने शपथ घातलीये."

भाजीवाल्याने बघितलं नाही, कारण त्याला कोथिंबीर तोलायची होती. कंडक्टरला पुढचा स्टॉप होता. पण ह्या बायका! ह्यांना तिने बाळंतपणाचे लाडू करून दिले होते, ह्यांच्या मुलींच्या लग्नाचे ब्लाउज जागून शिवले होते. ह्या सगळ्या तिच्या आवाजावर इतकी वर्षं माना डोलवत आल्या होत्या. आणि आता ती पहिल्यांदा बाहेर येऊन बसली, तर एकीलाही तिचं तोंड बघवत नव्हतं. आत्याला दुसरं काय वाटणार?

तेवढ्यात आई कुंकवाचा करंडा घेऊन तिच्यापुढे वाकली. कुंकू लावायचं तर माणसाकडे बघावं लागतं. पण शपथ आईनेच घातलेली, ती आधी कोणी पाळायची? तिने तोंड खिडकीकडे फिरवलं, गरम डब्यात हात घालावा तसा हात पुढे केला, आणि हळद गालाला लागली, आणि कुंकवाचं बोट थेट नाकावर टेकलं. बरोबर त्या उंचवट्यावर. कपाळ आणि नाक ह्यांतला फरक आईच्या बोटाला लगेच कळला. तरी तिने मान वळवली नाही. बिचारी शब्दाला पक्की.

त्यावर आत्या जे बोलली ते खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. मी ते जरा मागे ठेवतेय. गोष्ट रंगवण्यासाठी नव्हे. ते सांगून झाल्यावर पुढचं काही मला सांगवणार नाही, म्हणून.

ती उठली, पदराने नाक पुसलं आणि आत गेली. त्या वर्षी गाणं झालं नाही. गजरा मी गौरीला वाहिला. रात्री आई रडली, "चांगल्यासाठीच केलं ग मी," आणि आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने आईला एका शब्दानेही कधी बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी आरशावर चादर आली, तोंडाला रुमाल आला. चार दिवसांनी काकूंनी कुंपणावरून मिऱ्याचं सार दिलं आणि आत्याने ते घेतलं.

शनिवारी मी म्हटलं, "चल ना, आत्या. जे झालं ते त्यांना सांगू."

"नको," ती म्हणाली. "कळवून टाक, म्हणावं ही सर्दी जुनी आहे, बरी होत नाही."

मी तिच्याशी भांडले, रुसले, अंगणात उभी राहून भाषण केलं. काही उपयोग झाला नाही. त्या दिवसाबद्दल मुंबईला एक ओळही लिहायची नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. बाईंचे मेल येत राहिले. कसं झालं हळदीकुंकू? गाणं कोणतं म्हटलंत? मोगऱ्याचा वास घेतलात का? मग तेही थांबले. पुढच्या चैत्रात गाणं पुन्हा स्वयंपाकघरातून आलं, आधीच्याइतकंच सुंदर, आणि बायकांनी पडद्याकडे बघून माना डोलवल्या.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. भिंतीवर लावायला तिचा फोटो नव्हता, म्हणून तिच्या मशीनवर आम्ही रोज फूल ठेवतो. सायबर कॅफेच्या जागी आता कसलंसं हॉटेल आहे. हल्ली माझी मुलगी, तेच नाक घेऊन जन्मलेली, पलंगावर लोळत फोनवर कुठल्याशा समुपदेशकाशी बोलते, समोरासमोर, चेहरा दाखवून. मी चहा ठेवायला आत जाते तर म्हणते, "आई, जा ना ग." मी जाते. बाहेर येऊन मला दरवेळी वाटतं, ते एक वाक्य जर तेव्हा मुंबईला पोचलं असतं! त्या बाईंनी काय ते ओळखलं असतं. वीस वर्षं जी बाई कोणी बघू नये म्हणून जीव मुठीत धरून जगली, तिच्या तोंडून हे बाहेर पडलं होतं. औषध लागू पडलं होतं हो! त्या खोलीतल्या एकीने जरी तेव्हा मान वर केली असती तरी पुरलं असतं. पण आईची शपथ होती. वाक्य ऐकल्यावर त्या मायाळू, गुणी बायकांनी माना आणखी खाली घातल्या.

नाकावर कुंकू, गालावर हळद, हात मांडीवर तसेच, आणि तो रस्त्यातल्या सायकली थांबवणारा आवाज, पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीत:

"अगं, बघा की ग माझ्याकडे कोणीतरी!"